न्यायमूर्तींनाही परमनंट व्हावं लागतं

‘परमनंट झालास का?’ चाकण एमआयडीसीच्या कंपनी-बसमध्ये हा प्रश्न हमखास कानावर पडतो. 240 हा आकडाही इथे सगळ्यांना पाठ. वर्षात सलग 240 दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करा, हा राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांतला जुना नियम; आणि ते भरायच्या आत ‘ब्रेक’ देणं ही त्यावरची तितकीच जुनी हुशारी. असे वाद औद्योगिक न्यायालयातून पुढे मुंबई उच्च न्यायालयात जातात. (ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात पुणे जिल्हा नाही. पिंपरी-चाकणकरांना अजून मुंबईच गाठावी लागते.)

गंमत अशी, की तिथे कामगाराच्या कायमपणाचा निवाडा करणारे न्यायमूर्ती स्वतःच अजून कायम झालेले नसतील!

राज्यघटनेच्या कलम 224 नुसार, तुंबलेलं काम उपसायला ‘अतिरिक्त’ न्यायमूर्ती नेमता येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 94 मंजूर पदांपैकी 23 अशी आहेत. घटनेच्या मनात होती तात्पुरती कुमक; प्रत्यक्षात बहुतेक जण याच दारातून आत येतात आणि ती दोन वर्षं उमेदवारीची ठरतात. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नाव सुचवतात. मग राज्य सरकार, गुप्तचरांचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ), केंद्र, राष्ट्रपतींची सही. कायम करण्याआधी निकालपत्रंही तपासली जातात. अमेरिकेत फेडरल अपील न्यायाधीशाला सिनेटच्या समितीपुढे बसवून चारचौघांत प्रश्न विचारतात, पण मतदानात तरला की पद तहहयात. आपल्याकडे सगळी पारख बंद दाराआड, आणि 62 व्या वर्षी निवृत्ती.

ही उमेदवारी किती निसरडी, ते उमेश रंगनाथ लळीत यांना विचारावं. 1974 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. दोन वर्षं संपली ती ऐन आणीबाणीत, आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. देशद्रोहाचा आरोप असलेल्या तरुणांना त्यांनी जामीन दिला, त्याचीच ही किंमत, असं वकीलवर्गात आजही बोललं जातं. ते पुन्हा वकिलीकडे वळले.

त्यांचा मुलगा उदय. 2014 मध्ये तो वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. वडील ज्या उंबरठ्यावर अडले, तो त्याच्या वाटेत आलाच नाही! 27 ऑगस्ट 2022 रोजी तो देशाचा 49 वा सरन्यायाधीश झाला. वकिलीतून थेट येऊन त्या पदावर पोचणारे त्याआधी एकटे एस. एम. सिक्री. नव्वदीतले वडील शपथविधीला हजर होते.

योगायोग इथेच संपत नाही. नागपूर खंडपीठातल्या अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी 2021 मध्ये पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याखाली दिलेल्या एका निकालावर देशभर वादळ उठलं. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली. मुदतवाढ मिळाली ती फक्त एका वर्षाची. तो निकाल नोव्हेंबर 2021 मध्ये रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाचे प्रमुख होते उदय लळीत. कोणाचं कायमपण बरोबर अडलं आणि कोणाचं चूक, हे ठरवायला मात्र उघडी सुनावणी दोन्ही वेळा झाली नाही. मला हेच खटकतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये गनेडीवालांनी राजीनामा दिला. पुढे त्यांना पेन्शन नाकारली गेली, तेव्हा त्याही अर्जदार म्हणून मुंबई उच्च न्यायालयातच गेल्या. जुलै 2025 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: पेन्शन द्या, तीही 6 टक्के व्याजासह.