कार्डावर सही आहे, पण पैसे मिळतील का?

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवरच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहिला, तो इथे सांगतो.

अमेरिकेत बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखंच. खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं तिथे पाकिटात विकत मिळतात आणि दुर्मीळ कार्डांना पुढे मोठी किंमत येते. मग त्यावर खेळाडूची सही असेल तर भाव वाढणारच, असं वाटतं ना? दरवेळी नाही. तीन गोष्टी बघा.

१) सही आली कुठून? १९९० मध्ये अपर डेक कंपनीने रेजी जॅक्सनच्या सहीची, क्रमांक घातलेली २,५०० कार्डं पाकिटांत टाकली. अशा सहीची हमी कंपनीच देते. माइक ट्राउटचं २००९ चं सही असलेलं, एकमेव प्रतीचं कार्ड २०२० मध्ये सुमारे ३९ लाख डॉलरला गेलं. शिवाय थेट कार्डावर केलेल्या सहीला स्टिकरवरच्या सहीपेक्षा जास्त मागणी असते.

२) पुरावा काय? १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्या करणारी मोठी टोळी पकडली. त्यामुळे आज पीएसए, जेएसए, बेकेट यांच्यासारख्यांनी तपासलेली सही नसेल, तर गिऱ्हाईक हात आखडता घेतं.

३) मूळ कार्ड कसं आहे? मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, तेही बिनसहीचं! किंमत होती त्याच्या कोऱ्या करकरीत अवस्थेची. चांगल्या जुन्या कार्डावर पुसट, फिस्कटलेली सही असेल, तर काही संग्राहकांना तो डागच वाटतो.

आता हिशोब करू. समजा, सहीचं कार्ड तुम्ही २० डॉलरला घेतलं. तपासणीची फी ३० आणि टपालखर्च १०. विकलं ६० ला. नफा? शून्य! वर सही खोटी निघाली, तर फीसुद्धा बुडाली.

म्हणून खरेदीआधी तसंच कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलंय ते बघा. विक्रेता काय मागतोय, त्यावर जाऊ नका. त्यातून सगळा खर्च वजा करा. काही उरत असेल, तरच खिशात हात घाला.

लक्षात ठेवा, गिऱ्हाईक पैसे शाईचे देत नाही, खात्रीचे देतं. धंदा कुठलाही असो, हे गणित तेच!