आधी ओळख, मग माया

5 नोव्हेंबर ही तारीख प्रत्येक सोलापूरकराने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. 1932 साली याच दिवशी मारुती चितमपल्ली यांचा सोलापुरात जन्म झाला. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर असा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात चितमपल्लींच्या जन्मदिवसाने होते आणि सांगता पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या. वनखात्याच्या नोकरीत कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी राने पायाखाली घालून चितमपल्ली निवृत्त झाले. 2006 साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

त्यांची आठवण काढण्याचे कारण, त्यांना रानाची गोडी लागली ती घरातून. पाखरांची आणि झाडांची पहिली ओळख त्यांना आईने करून दिली. पुढे ‘पक्षीकोश’ सिद्ध करताना त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली, त्याची मुळे या बालपणात आहेत. मुलांना भूतदया शिकवायची कशी, असे शिक्षक विचारतात तेव्हा मला हेच उत्तर सुचते. ज्याचे नाव, खाणे, घरटे आणि भीती मुलाला ठाऊक आहे, त्याच्यावर ते मूल दगड उचलत नाही. ‘प्राणिमात्रांवर दया करा’ असे फळ्यावर लिहिलेले वाक्य मुले वहीत उतरवतात, आणि मधल्या सुट्टीत कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधतात. ती मुले दुष्ट नसतात. त्या कुत्र्याशी त्यांची ओळख कोणी करून दिलेली नसते, एवढेच.

अशा शिकवण्याचा उपयोग होतो का, हे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या उटाह राज्यात फ्रँक अॅशन या मानसशास्त्रज्ञाने प्राथमिक शाळांमध्ये वर्षभर प्राण्यांविषयीचे पाठ देऊन त्याचा परिणाम तपासला. 1992 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथीच्या मुलांमध्ये प्राण्यांबद्दलची आस्था वाढलीच, शिवाय माणसांचे दुःख समजून घेण्याची वृत्तीही वाढलेली दिसली. वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हाही तो फरक टिकून होता.

सोलापूर जिल्ह्यात हे पाठ द्यायला प्राणी शोधत हिंडावे लागत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या कानडी मुलखाला लागून असलेल्या भागात ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी होते. बैलाला रंगवतात, शिंगांना बेगड लावतात, मिरवतात. मुलांचे सारे लक्ष त्या मिरवणुकीकडे असते. पण शिकण्यासारखे असते ते आदल्या संध्याकाळचे. खांदेमळणीला बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी लावून चोळतात. त्या वेळी मुलाचा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवावा. जू बसते तिथली कातडी घट्ट, राठ झालेली हाताला लागते. कधी तिथे हाताला गरम लागते, बैल हळूच अंग काढून घेतो. खांदेसूज म्हणजे काय, हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. वर्षभर ओढलेल्या ओझ्याचा हिशेब तिथे बोटांना कळतो.

त्यापाठोपाठ कायदाही सांगावा, कारण दया ही केवळ मर्जीची गोष्ट नाही. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. त्यांनुसार दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. जिथे पारा 37 अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचे नाही. टोकदार खिळ्याची पराणी वापरायलाही मनाई आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तिथल्या सहावी-सातवीच्या मुलांना हा नियम पाठ हवा. दिवाळी सरली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर येतात. चढावर गुडघे टेकणारा बैल मुले शाळेच्या खिडकीतून पाहतात. ऊसतोड कामगाराचे घर त्या गाडीवर चालते, हेही त्यांना त्याच तासाला सांगावे. गाडीवानाला शिव्या घालायला शिकवणारी भूतदया मला नको आहे. शिवाय त्याचीच लेकरे कदाचित त्या वर्गात बसलेली असतात.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला आज कोण भिणार? म्हणून शाळेवरची जबाबदारी वाढते.

कुत्र्यांचा विषय अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांत सुमारे 40 टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या आईच्या लेकराला कुत्रे चावले आहे, तिला दयेचे प्रवचन ऐकवणे हा अन्याय आहे. मुलांना आधी स्वतःला जपायला शिकवावे: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, हात अंगासरसे धरून स्तब्ध उभे राहायचे, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि घरी लपवून न ठेवता लगेच दवाखाना गाठून लस घ्यायची. मार बसेल या भीतीने मुले चावल्याचे दडवतात, म्हणून हे पालकांनीही ऐकावे. कुत्र्याची देहबोली वाचता आली की मुलाची भीती ओसरते, आणि भीती ओसरली की हातातला दगड खाली पडतो.

शहरापासून थोड्याच अंतरावर नान्नज आहे. 1979 साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज जगभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे, आणि नान्नजला त्याचे दर्शन हा नशिबाचा भाग झाला आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी मात्र उघड्या जमिनीवर एकावेळी बहुधा एकच अंडे घालते. मोकाट कुत्रे, एखादे ढोर, मोटारसायकलवरची हौशी पोरे, कशानेही ते अंडे फुटू शकते. कुसळी गवताचा माळ मोठ्यांच्या लेखी पडीक जमीन असते. याच माळावर लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक राहतात, मेंढपाळांचे कळप चरतात, हे मुलांना तिथे उभे राहून सांगितले पाहिजे. शाळांच्या सहली पाण्याच्या उद्यानांकडे धावतात. एक सहल नान्नजला जावी. माळढोक दिसला नाही तरी जावी, आणि तो का दिसला नाही हाच त्या दिवसाचा धडा व्हावा.

पक्षी सप्ताह कधी कधी दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि मग शाळेत साजरा व्हायचा राहून जातो. मला त्यात सोय दिसते. मुले घरी असतात, आजी-आजोबा जवळ असतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करताना त्या गाईला प्लॅस्टिकच्या पिशवीतले शिळे अन्न देऊ नये, पिशवीसकट पोटात जाते आणि तिथेच साठून राहते, हे मुलांकडूनच मोठ्यांना सांगवून घ्यावे. कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. सुतळी बॉम्बच्या आवाजाने ते थरथरत गाडीखाली दडते, तेव्हा त्याला हुसकून बाहेर न काढता अंधारा आडोसा आणि पाणी द्यावे. पुढे पतंगाच्या दिवसांत झाडावर अडकलेला मांजा उतरवून, गुंडाळून, कचऱ्यात टाकावा. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, हे दुकानदाराला सांगायला मुलांनी कचरू नये.

आणि एक वही घालावी. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा संभाजी तलावावर आजोबांबरोबर जावे, दिसेल ते पाखरू लिहावे: खंड्या, टिटवी, वेडा राघू, कोतवाल, सातभाई, पाणकावळा. नाव येत नसेल तर रंग, चोच आणि आवाज लिहावा, नाव घरी विचारावे. सुट्टी संपली की ती वही वर्गात वाचून दाखवावी, आणि गुरुजींनी तिला निबंधाइतकेच गुण द्यावेत.