गिझर बंद, दिवे चालू

विजेची मागणी पुरवठ्याच्या वर जाऊ लागली की आपल्याला आठवतं ते भारनियमन: फीडर बंद, गावभर अंधार. न्यूझीलंडमध्ये १९५०च्या दशकापासून आणखी एक उपाय रुळला आहे. मागणी शिगेला पोचली की वितरण कंपन्या घरोघरचे गिझर तेवढे काही वेळ बंद ठेवतात. या ‘रिपल कंट्रोल’विषयी गैरसमजही बरेच.

गैरसमज: यासाठी इंटरनेट आणि स्मार्ट मीटर हवेच.

वस्तुस्थिती: निरोप विजेच्या तारांतूनच जातो. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहावर सबस्टेशनमधून वरच्या वारंवारितेचा, उदाहरणार्थ ३१७ हर्ट्‌झचा, संकेत चढवतात. मीटरच्या पेटीतला रिसीव्हर तेवढाच संकेत टिपतो, रिले ‘टक्’ करतो आणि गिझरचा पुरवठा तुटतो. दिवे आणि टीव्ही वेगळ्या सर्किटवर असल्याने ते चालूच राहतात.

गैरसमज: मग आंघोळ गार पाण्याने.

वस्तुस्थिती: तिथल्या घरात १८० लिटरची टाकी सर्रास दिसते. पाणी साधारण ६० अंशांवर असतं आणि टाकीला उष्णतारोधक आवरण असतं. हीटर दोन-तीन तास बंद राहिला तरी घरच्यांना सहसा कळतही नाही. आपल्याकडच्या १५ लिटरच्या गिझरला मात्र हे झेपणार नाही. दोन आंघोळींत तो रिकामा!

गैरसमज: यातून भरपूर वीज वाचते.

वस्तुस्थिती: वीज फारशी वाचत नाही, ती वापरण्याची वेळ बदलते. संध्याकाळी न तापलेलं पाणी रात्री तापतं. पण ३ किलोवॉटचे हजार हीटर ऐन वेळी थांबले, की ३ मेगावॉटचा भार उतरतो. तेवढ्यासाठी जादा केबल आणि ट्रान्सफॉर्मर उभारावे लागत नाहीत, म्हणून अशा जोडणीला दरही कमी लागतो. सगळे हीटर एकदम सुरू केले तर मागणी पुन्हा उसळेल, म्हणून ते गटागटाने सुरू करतात.

गैरसमज: ही सोय असली की दिवे जाणारच नाहीत.

वस्तुस्थिती: न्यूझीलंडमध्ये ९ ऑगस्ट २०२१ची संध्याकाळ कडाक्याच्या थंडीची होती. मागणी सुमारे ७,१०० मेगावॉटवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर गेली. त्यातच वारा पडला आणि पवनचक्क्या मंदावल्या. टोकानू जलविद्युत केंद्रात पाणवनस्पती जाळ्यांत अडकल्याने उत्पादन घटलं. गिझर बंद करण्याची सोय हाताशी असूनही त्या रात्री सुमारे ३४ हजार ग्राहकांची वीज गेली.