फुकटचा वकील आणि प्रतापनगरची भीड

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला हा नागपूरचा पट्टा पगारदारांचा आणि पेन्शनरांचा. इथे नवरा-बायकोचं भांडण कोर्टापर्यंत जायची वेळ आली, की आधी मोठे काका बसतात, मग जावईबापूंना समजावलं जातं आणि शेवटी कुणाच्या तरी ओळखीतला वकील शोधला जातो. मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव या सगळ्यात सहसा निघत नाही. निघालंच तर उत्तर तयार असतं: ‘ते गरिबांसाठी असतं, आपण त्यात बसत नाही.’ मोफत वकिलाबद्दलचे गैरसमज गरीब वस्तीपेक्षा अशा कॉलनीत जास्त घट्ट असतात, असं मला वाटतं. गरीब वस्तीत निदान विचारायची लाज नसते.

‘आपण त्यात बसत नाही’ या वाक्यापासूनच सुरुवात करू. राज्यघटनेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने कलम 39-अ आलं आणि पैशाअभावी कुणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी सरकारवर आली. त्यातून 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. मोफत मदत कुणाला, हे त्याच्या कलम 12 मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त अशी ती यादी आहे आणि तिच्यात महिला आणि बालक यांचाही उल्लेख आहे. तो उल्लेख नीट वाचावा. ‘गरीब महिला’ असं तिथे म्हटलेलं नाही. उत्पन्नाची अट वेगळ्या उपकलमात आहे आणि ती या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे.

म्हणजे प्रतापनगरात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी, शाळेत शिकवणारी बाईसुद्धा पात्र आहे. मला यात कायद्याचं शहाणपण दिसतं. घरात पैसा असणं आणि बाईच्या हातात पैसा असणं यात फार अंतर असतं. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, त्याचे हप्ते तिच्या पगारातून आणि पासबुक सासूच्या कपाटात, हे चित्र आपल्याकडे नवं नाही. उत्पन्नाचा दाखला मागितला असता तर नेमक्या याच बाया बाहेर राहिल्या असत्या. गलेलठ्ठ पगार असलेल्या बाईने हा लाभ घ्यावा का, हा तिच्या मनाचा प्रश्न. कार्यालयाला मात्र केवळ पगार पाहून तिला परत पाठवता येत नाही. तिच्या म्हणण्यात सकृतदर्शनी तथ्य आहे का, एवढंच ते पाहू शकतं.

यालाच जोडून ‘म्हणजे पुरुषांना काहीच नाही’ अशी तक्रार ऐकू येते. तीही खरी नाही. वर्षाला 3 लाखांच्या आत कमावणारा रिक्षाचालक, दुकानातला नोकर, किंवा कलम 12 च्या दुसऱ्या एखाद्या वर्गात बसणारा नवरा मोफत वकील मागू शकतो. उत्पन्नाबद्दल त्याचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, अशी तरतूद कायद्यातच आहे. एकाच प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनाही प्राधिकरणाने वेगवेगळे वकील दिले, तर त्यात काही वावगं नाही. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दावा चालू असताना खर्च आणि निर्वाहभत्ता पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येतो. बायकोची कमाई चांगली आणि नवरा बेरोजगार असेल, तर हे कलम त्याच्या कामाचं आहे.

आता मोठा आक्षेप: फुकटचा वकील म्हणजे मन लावून न लढणारा वकील. इथे तीन वेगळी माणसं एकाच नावाखाली येतात. प्राधिकरणाच्या यादीतला, म्हणजे पॅनेलवरचा वकील सेवाभावाने फुकट लढत नाही. त्याला प्राधिकरण मानधन देतं, तुम्ही द्यायचं नाही, एवढाच फरक. दुसरा खरा स्वयंसेवी वकील, जो कुणाकडूनच पैसे घेत नाही. केंद्राच्या न्याय विभागाचा ‘न्यायबंधू’ हा उपक्रम 2017 पासून अशा वकिलांची गरजूंशी गाठ घालून देतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही निर्धनाला मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती फार मोठं कर्तव्य म्हटलं आहे. तिसरा विधी स्वयंसेवक. तो वकील नसतो. अर्ज भरून देणं, कोणत्या खोलीत जायचं ते सांगणं, कागद लावून देणं ही त्याची कामं. त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणून केस सांगत बसलात, तर चूक त्याची नाही.

पॅनेलवरच्या वकिलांची गुणवत्ता सारखी नसते, हे मान्य करायला हवं. मानधन बेताचं, कामाचा बोजा मोठा. पण हजारो रुपये मोजून केलेला वकील पेशीला गैरहजर राहिला, तर तुम्ही काय करता? बहुधा दिलेली फी आठवून गप्प बसता. इथे तक्रारीला जागा आहे. 2010 च्या राष्ट्रीय नियमांनुसार अशा प्रकरणांवर देखरेख समिती असते, वकील बदलून मागता येतो आणि पॅनेलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायला मनाई आहे. ‘झेरॉक्सचे द्या’, ‘बाबूला द्यायचे आहेत’ असं कुणी म्हटलं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावं. महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्रियांची कोर्ट फीसुद्धा माफ आहे. तिकिटांच्या नावाखाली पैसे काढले जातात तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

‘कौटुंबिक न्यायालयात वकील चालतच नाही’ या समजुतीला मात्र थोडा आधार आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 13 सांगतं, की वकील हा इथे पक्षकाराचा हक्क नाही. हेतू चांगला होता. नवरा-बायकोने स्वतः बोलावं, समुपदेशकापुढे बसावं, वकिली डावपेचांनी भांडण चिघळू नये. पण बंदी कुठेही नाही. न्यायालयाची परवानगी घेऊन वकील देता येतो, आणि न्यायालय स्वतःहून न्यायमित्र नेमू शकतं. व्यवहारात समोरच्याने चांगला वकील उभा केला आणि तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात, तर कलम 13 चा तो सुंदर हेतू तुमच्या काही कामी येत नाही.

न्यायमित्राच्या मदतीचं एक उदाहरण नागपूरचंच आहे. इथल्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट 2013 मध्ये एका पत्नीला महिना 15 हजार आणि मुलाला आधी 5 हजार, पुढे 10 हजार अशी अंतरिम पोटगी ठरवली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे दोन ज्येष्ठ वकिलांना न्यायमित्र नेमलं गेलं आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी देशभरच्या पोटगी प्रकरणांना लागू होणारा निकाल आला. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. ‘निकाल लागेल तेव्हापासून पैसे सुरू होतात’ हा गैरसमज त्या दिवशीच संपायला हवा होता.

पण हे प्रतिज्ञापत्र म्हणजे कित्येक रकान्यांचा कागद आहे. नवऱ्याचा पगार माहीत नाही म्हणून रकाना कोरा सोडायचा की अंदाज लिहायचा, त्याची पगारपत्रकं न्यायालयामार्फत कशी मागवायची, आपली ट्यूशनची कमाई लिहायची की नाही? (लिहायची. लपवलेलं उलटतपासणीत निघतं आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.) मोफत वकिलाची सगळ्यात मोठी मदत इथे होते, कोर्टातल्या भाषणात तितकी नाही. म्हणून हा वकील पहिला कागद दाखल करण्याआधी गाठावा. बहुतेक जण तीन-चार पेश्या झाल्यावर, जबाब बिघडल्यावर जातात.

त्याहून घातक समज म्हणजे ‘नोटीस घेतलीच नाही तर केस चालत नाही’. नोटीस नाकारली तर न्यायालय ती बजावली गेली असं धरू शकतं, दारावर चिकटवण्याचीही तरतूद आहे. त्यानंतर एकतर्फी हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायला साधारण 30 दिवसांची मुदत असते. नोटीस घ्या, तारीख पाहा आणि त्याच आठवड्यात मोफत वकिलासाठी अर्ज करा.

दोन गोष्टी झटक्यात सांगून टाकतो. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये झालेला समझोता उपयोगी असतो, पण तो न्यायालयाचा हुकूम नव्हे. आणि नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट नव्हे. जातीची सिद्ध झालेली रूढी असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती सिद्ध करणं सोपं नसतं. केंद्रीय विधी विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये नोटरींना असले कागद करू नका म्हणून बजावलं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करणाऱ्यांची पंचाईत पुढे होते.

‘परदेशात बरं असतं, आपल्याकडेच काही मिळत नाही’ हा मध्यमवर्गीय उसासाही इथे लागू नाही. अमेरिकेत गरीब फौजदारी आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1963 पासून आहे, पण घटस्फोटासाठी देशभर लागू असा हक्क नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये आईकडून मूल कायमचं काढून घेण्याच्या प्रकरणातही सरसकट वकील द्यायला नकार दिला. इंग्लंडने एप्रिल 2013 पासून बहुतेक खासगी कौटुंबिक दाव्यांची सरकारी मदत बंद केली आणि न्यायालयं वकील नसलेल्यांनी भरली. आपला कायदा कागदावर या दोघांपेक्षा उदार आहे.

माहेर प्रतापनगरात आणि लग्नाचं घर रायपूर किंवा हैदराबादला, अशी स्थिती असेल तर? 2003 च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात हिंदू विवाह कायद्याखाली दावा दाखल करता येतो. नवऱ्याने तिकडे आधीच दावा टाकला असेल, तर तो इकडे वर्ग करून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथल्या विधी सेवा समितीकडेही मोफत वकील मिळतो.

नागपुरात अर्ज द्यायचा तो सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात. 15100 या क्रमांकावर फोनही चालतो. सोबत ओळखपत्र, लग्नाचा पुरावा आणि आलेली नोटीस न्यावी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथे लिहून घेतलं जातं. अर्जावर निर्णय सात दिवसांच्या आत व्हायला हवा, आणि नाकारला तर त्यावर अपील करता येतं.