प्रवाळाच्या बुडाशी काय दडलंय?

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय बाळगणाऱ्यांना अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाचं वेड असतं. बोटभर फांदी, टोकांना निळी-जांभळी झाक आणि खाली तिला चिकटवलेली सिमेंटची छोटी बैठक. अमेरिकेत, युरोपात ही फांदी पाण्याने भरलेल्या पिशवीतून कुरिअरने घरपोच येते. भारतात हा नाद कायद्यात बसत नाही. सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी नि हाजी अलीच्या खडकांवरच्या जेमतेम १८ वसाहती हलवायच्या होत्या, तरी वन विभागाची परवानगी लागली. तेव्हा कोणी दुकानदार हळू आवाजात ‘मागवून देतो’ म्हणाला, तर पाठ फिरवलेली बरी. जिथे हा छंद रीतसर चालतो, तिथे मात्र नवं प्रवाळ टाकीत सोडण्यामागे बरंच जीवशास्त्र आहे.

नवशिक्याला सगळी काळजी पाण्याची. तापमान जुळलं का, क्षार जुळले का? ते बघायलाच हवं, पण काम थोडक्यात उरकतं. बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवली की तापमान एक होतं. मग टाकीतलं पाणी त्यात थोडंथोडं मिसळायचं. तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसण्याचा जुना सल्ला मात्र लांबच्या प्रवासातून आलेल्या जिवांना भोवू शकतो. बंद पिशवीत श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो आणि उत्सर्जनातला अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि त्याच अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. मासे आणि कोळंबी यांना याचा तडाखा मोठा. प्रवाळाला तो कमी बसतो, पण त्या पाण्यात त्याला रखडवून मिळवायचं काय? पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, हे तर आहेच.

खरा धोका फांदीवर आणि बैठकीवर बसून येतो. अ‍ॅक्रोपोरा खाणारा एक चपटा कृमी आहे. अंग जवळजवळ पारदर्शक, त्यात खाल्लेल्या प्रवाळाचेच रंग उतरलेले. समोर असला तरी दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा: फांदीवर फिकट, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे चट्टे. गंमत अशी, की विज्ञानाला हा प्राणी आधी मत्स्यालयांत सापडला. त्याचं शास्त्रीय वर्णन झालं २०११ मध्ये. समुद्रात तो कुठे राहतो हे कळलं त्यानंतर वर्षभराने, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड बेटाजवळ. छंदिष्टांच्या टाक्यांत तो तोवर वसाहतीच्या वसाहती फस्त करून बसला होता.

म्हणून फांदी आधी औषधी पाण्यात बुडवतात. वेगळ्या भांड्यात टाकीचं पाणी, त्यात आयोडीनचं किंवा खास प्रवाळांसाठी मिळणारं द्रावण, दहा-पंधरा मिनिटं. मधूनमधून पिचकारीने फांद्यांच्या बेचक्यांत जोरात पाणी मारायचं. भांडं पांढरं असावं, कारण मग तळाशी काय काय गळून पडतं ते बघता येतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येते. चपटे कृमी, बारीक खेकडे, कधी मॉन्टिपोरा हे प्रवाळ कुरतडणाऱ्या पांढऱ्या सागरी गोगलगाई.

एवढ्याने निश्चिंत होणारे फसतात, ते अंड्यांमुळे. कृमी आपली तपकिरी अंडी फांदीच्या बुडाशी, जिथे जिवंत ऊती संपून कोरा सांगाडा उघडा पडतो, तिथे घालतो, आणि अंड्याच्या कवचातून औषध आत जात नाही. यावर माझ्या मते उपाय एकच, तो म्हणजे कात्री. मेलेलं बूड छाटायचं, जुनी बैठक फेकायची आणि फांदी नव्या बैठकीवर चिकटवायची. डिंक म्हणाल, तर फेविक्विकच्या जातीचाच, फक्त जेलसारखा घट्ट.

तरी एखादं अंडं राहतंच. ते फुटायला आठवडे लागतात. म्हणून वेगळ्या छोट्या टाकीत किमान दीड महिना विलगीकरण आणि दर आठवड्याला पुन्हा औषधी आंघोळ. माशांना पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे कोषही बैठकीला चिकटून येतात. ते दोन महिन्यांहून जास्त काळ दबा धरून राहू शकतात. काटेकोर मंडळी त्यामुळे नवं प्रवाळ ७६ दिवस माशांविना ठेवतात. ऐकायला अतिरेक वाटतो. हजारो रुपयांचे मासे एका आठवड्यात गमावलेल्याला वाटत नाही.

मुख्य टाकीत गेल्यावर जागा तळाशी. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. एकदम प्रखर दिवा पडला तर त्यांच्या प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, प्रवाळ शैवालांना हाकलून देतं आणि पांढरं पडतं. कमी उजेडात ते फार तर तपकिरी होतं, आणि तो रंग पुढे सुधारता येतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर सरकवावं. शेजारही बघावा: गॅलेक्सिया हे प्रवाळ रात्री लांबलचक दंशतंतू सोडून आसपासच्यांना जाळतं.

झोअँथिड नावाच्या रंगीत, बटणांसारख्या मऊ प्रजातींबाबत काळजी माणसाने स्वतःची घ्यायची. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या अशाच एका प्राण्यातून ते वेगळं केल्याचं १९७१ मध्ये जाहीर झालं आणि आजही ते सर्वांत जहाल नैसर्गिक विषांत गणलं जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हनटन गावात मत्स्यालयातली प्रवाळं साफ करताना ते हवेत पसरलं. घरातली माणसं आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवान, सगळ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. जाणकार म्हणूनच झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालतात, पाण्याबाहेर ती घासत नाहीत आणि त्यांचे खडक साफ करायला कधीही उकळत नाहीत. उकळून हे विष मरत नाही, वाफेबरोबर घरभर होतं.