प्रॉडक्ट की प्रोसेस? कंट्रोल प्लॅनमधल्या दोन रकान्यांची गल्लत

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ऑडिट जवळ आलं की कंट्रोल प्लॅनची फाइल टेबलावर येते. भोसरी असो, वाळूज असो नाहीतर नाशिकचं अंबड, तक्त्याची रचना सगळीकडे जवळपास एकच. डावीकडे ऑपरेशन आणि मशीन. उजवीकडे मोजायची पद्धत, किती नग, किती वेळाने, आणि बिघडलं तर काय करायचं. मधोमध ‘कॅरॅक्टरिस्टिक्स’खाली दोन रकाने असतात, एक प्रॉडक्टचा आणि एक प्रोसेसचा. सगळ्यात जास्त घोळ याच दोन रकान्यांत होतो, आणि तो कागदापुरता राहत नाही.

व्याख्या मुळात सोप्या आहेत. अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या ‘एआयएजी’ या संस्थेने १९९४ मध्ये एपीक्यूपीची, म्हणजे उत्पादनाच्या गुणवत्तेच्या आगाऊ नियोजनाची, पुस्तिका काढली, २००८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०२४ मध्ये कंट्रोल प्लॅनची पुस्तिका वेगळी झाली. या पुस्तिकांतला भेद असा : ड्रॉइंगवर किंवा तशाच मूळ तांत्रिक कागदावर दिलेला भागाचा गुणधर्म म्हणजे प्रॉडक्ट कॅरॅक्टरिस्टिक. त्या गुणधर्माशी कार्यकारण नातं असलेली, प्रक्रियेत कमीजास्त होणारी गोष्ट म्हणजे प्रोसेस कॅरॅक्टरिस्टिक. आणि ती घडत असतानाच मोजता येते. या शेवटच्या अटीकडे लोकांचं लक्ष जात नाही.

म्हणूनच सर्वांत पसरलेला गैरसमज हा, की मशीनवर काम चालू असताना जे मोजलं ते प्रोसेस आणि अंतिम तपासणीत जे मोजलं ते प्रॉडक्ट. ऑपरेटर दर दहाव्या जॉबचा व्यास मायक्रोमीटरने बघतो, ते माप प्रोसेसच्या रकान्यात जातं. हे चुकीचं आहे. व्यास जॉबचा आहे, मशीनचा नाही. पुढच्या ग्राइंडिंगसाठी ठेवलेलं मटेरियल कस्टमरच्या ड्रॉइंगवर नसतं, तरी तेही त्या टप्प्यावरच्या जॉबचंच माप, म्हणजे प्रॉडक्ट. स्पिंडलचा वेग, फीड, कूलंटचं प्रमाण या गोष्टी प्रोसेसच्या. शंका आली तर एकच प्रश्न विचारावा : हा जॉब उद्या सकाळी टेबलावर ठेवला, तर ही गोष्ट त्याच्यावर मोजता येईल का? येत असेल तर प्रॉडक्ट. मशीन थांबल्यावर ती गोष्टच उरत नसेल तर प्रोसेस.

‘जॉब शंभर टक्के तपासतो, मग प्रोसेसचा रकाना रिकामा राहिला तरी काय बिघडलं?’ हा दुसरा समज जास्त धोक्याचा आहे. इंडक्शन हार्डनिंग केलेला शाफ्ट घ्या. ड्रॉइंगवर पृष्ठभागाचा कडकपणा आणि कडक थराची खोली, म्हणजे केस डेप्थ, अशा दोन गोष्टी मागितलेल्या असतात. कडकपणा रॉकवेल मशीनवर लगेच कळतो. खोली कळायला मात्र शाफ्ट कापावा लागतो, काप पॉलिश करून ॲसिडने खुलवावा लागतो आणि पृष्ठभागापासून आत सरकत सूक्ष्म कडकपणा मोजावा लागतो. कापलेला शाफ्ट कस्टमरला जात नाही, म्हणून शिफ्टला एखादाच नग कापतात. बाकीच्या शेकडो शाफ्टची खोली कशावर अवलंबून? कॉइलला मिळालेली पॉवर, फ्रीक्वेन्सी, जॉब कॉइलमधून सरकण्याचा वेग, क्वेंचचा, म्हणजे तापलेला जॉब थंड करणाऱ्या द्रावणाचा, प्रवाह, तापमान आणि त्यातल्या पॉलिमरचं प्रमाण यांवर. जॉब जरा वेगाने सरकला तर थर उथळ होतो, पण पृष्ठभागावर रॉकवेलचं वाचन बरोबर येऊ शकतं. असा शाफ्ट तपासणीतून निघून जातो आणि पुढे गाडीत पिळाच्या भाराखाली थकून तुटतो.

क्वेंचचं उदाहरण मुद्दाम जास्त सांगतो, कारण त्यातलं पॉलिमरचं प्रमाण हळूहळू सरकतं. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि पॉलिमरचं प्रमाण वाढतं. उलट जॉबबरोबर द्रावण बाहेर जातं आणि वरून नुसतं पाणी भरलं की ते घटतं. प्रमाण वाढलं तर थंड होण्याचा वेग मंदावतो आणि कडकपणा पुरेसा येत नाही. घटलं तर वेग वाढतो आणि तडे जायचा धोका. रिफ्रॅक्टोमीटरने दोन मिनिटांत हे वाचन घेता येतं. पण ते आज घेतलं नाही, तर कालच्या शिफ्टला प्रमाण किती होतं हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही.

इथेच आणखी एक चूक होते : पॅनेलवर भरलेला आकडा हाच प्रोसेस कॅरॅक्टरिस्टिक समजायचा. सेटिंग म्हणजे आपण मशीनला दिलेला हुकूम. नोझलची भोकं गाळाने बुजली तर पॅनेलवरचं सेटिंग जागच्या जागी राहतं आणि जॉबवर द्रावण कमी पडतं. प्लॅनमध्ये प्रत्यक्ष प्रवाह फ्लोमीटरवर कसा आणि किती वेळाने बघायचा हे लिहिलेलं हवं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एसजी आयर्नच्या रसात मॅग्नेशियम घातलं की त्याचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो. प्रक्रिया झाल्यापासून ओतकाम संपेपर्यंतचा वेळ ही प्रोसेसची गोष्ट. ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बनल्या का, ही प्रॉडक्टची. थंड झालेल्या कास्टिंगवरून ओतायला किती वेळ लागला हे मोजता येत नाही. म्हणून घड्याळ लॅडलजवळच हवं.

आता टॉर्क. यावर ऑडिटमध्ये तास तास वाद होतात. ‘ड्रॉइंगवर टॉर्कचा आकडा छापलाय, म्हणजे प्रॉडक्ट,’ असं एक बाजू म्हणते. माझं स्पष्ट मत वेगळं आहे. बोल्ट आवळताना टूल जो टॉर्क लावतं तो त्या क्षणाचा असतो, म्हणून तो प्रोसेसचा, मग तो कुठेही छापलेला असो. जोडणीला खरं हवं असतं ते भाग घट्ट दाबून धरणारं बळ. लावलेल्या टॉर्कमधला साधारण नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. आट्यांना तेल लागलं की तोच टॉर्क दिला तरी ताण बदलतो. नंतर हाताच्या रेंचने तपासलेला उरलेला टॉर्क जोडणीवर मोजता येतो, म्हणून तो प्रॉडक्टचा. पण जोडणी आवळल्यावर थोडी बसते आणि घर्षणही बदलतं, त्यामुळे हे वाचन लावलेल्या टॉर्कशी जुळेलच असं नाही. दोन्हींना एकच मर्यादा लिहिणं चूक.

त्यावरूनच : एका ओळीत डावीकडे प्रॉडक्ट, शेजारी प्रोसेस आणि पुढे दोघांना मिळून एकच टॉलरन्स, एकच गेज, एकच वारंवारता, असं लिहू नये. केस डेप्थ शिफ्टला एकदा कापून बघायची आणि पॉवर प्रत्येक जॉबला. या दोन गोष्टी एका ओळीत बसत नाहीत. वेगळ्या ओळी कराव्यात. प्रत्येक ओळीत दोन्ही रकाने भरलेच पाहिजेत असं बंधन नाही.

विशेष कॅरॅक्टरिस्टिकची खूण फक्त ड्रॉइंगवरच्या मापांना असते, हाही समज खरा नाही. आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकात विशेष कॅरॅक्टरिस्टिकच्या व्याख्येत उत्पादन प्रक्रियेचे पॅरामीटरही आहेत.

याचा अर्थ मशीनच्या पॅनेलवरचे सगळे चाळीस आकडे प्लॅनमध्ये उतरवायचे असा नाही. इतक्या लांब प्लॅनमध्ये खरी महत्त्वाची ओळ हरवते. निवड पीएफएमईएवरून, म्हणजे प्रक्रियेत काय आणि कशामुळे बिघडू शकतं याच्या विश्लेषणावरून, करावी. तिथे ‘फेल्युअर मोड’मध्ये लिहिलेली गोष्ट बहुधा प्रॉडक्टच्या रकान्यात येते, उदाहरणार्थ केस डेप्थ कमी. ‘कारण’ म्हणून लिहिलेली गोष्ट प्रोसेसच्या रकान्यात, उदाहरणार्थ सरकण्याचा वेग जास्त. कारणाचा परिणाम चाचणी घेऊन सिद्ध झालेला असावा. केवळ मागच्या जॉबच्या प्लॅनमधून उचललेला नको.

भेद नीट केला की शेवटच्या रकान्यातही फरक पडतो. माप बाहेर गेलेला जॉब हातात असतो. तो लाल पेटीत टाकून मागचे जॉब मोजत जाता येतात. प्रोसेस मर्यादेबाहेर गेली तेव्हा मोजायला हातात काहीच नसतं. अशा वेळी मशीन थांबवायचं आणि शेवटच्या बरोबर वाचनापासून आतापर्यंतचा सगळा माल संशयित धरून अलग ठेवायचा. दोन्हीकडे ‘सुपरवायझरला कळवा’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो प्लॅन अपुरा आहे.

आपल्या कारखान्याचा कंट्रोल प्लॅन घ्या, सेटर आणि ऑपरेटरला बरोबर घेऊन मशीनपाशी उभे राहा आणि प्रोसेसच्या प्रत्येक ओळीला विचारा : हे कोण, कधी, कशाने बघतो? उत्तर मिळत नाही त्या ओळीपासून दुरुस्ती सुरू करा, पुढच्या ऑडिटची वाट न बघता.