दहावीनंतर पोरांना कुठं टाकायचं? शहरातली शाळा, डमी प्रवेश आणि आपलं घर

दहावीचा निकाल लागला की पाटोद्यात ओळखीची माणसं आम्हाला रस्त्यात थांबवून एकच गोष्ट विचारतात. "सर, आता याला कुठं टाकायचं? पुण्याला मामू आहेत, संभाजीनगरला खाला आहे, लातूरचे क्लास चांगले म्हणतात." मुलगी असली की प्रश्न जरा हळू आवाजात येतो. "सर, हिला इथंच ठेवलं तर नुकसान होईल का?"

उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून ज्या शहरी शाळांकडे आपण आशेने बघतो, त्या मुलांना कॉलेजसाठी नेमकं कसं तयार करतात, हे आधी समजून घेऊ.

दीडशे वर्षांपूर्वीचा एक निर्णय

मुंबईत सीएसएमटी स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी देखणी इमारत आहे. ही संस्था १८७४ साली स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन तय्यबजी हे संस्थापकांत होते. बद्रुद्दीन साहेब पुढे १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

त्या काळी मुंबईतल्या बऱ्याच मुस्लिम घरांना इंग्रजी शाळेची भीती वाटायची. पोरगं दीन विसरेल, जबान विसरेल असं वाटायचं. उत्तरेत सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा काढला, तोही याच अडचणीवर उपाय म्हणून. अंजुमनने १८८० मध्ये आपली शाळा सुरू केली. घरची भाषा आणि दीनी तालीम सोडायची नाही आणि त्याच छपराखाली इंग्रजी आणि आधुनिक विषय शिकवायचे, असा तो निर्णय होता. स्टेशनसमोरची इमारत १८९३ मध्ये उभी राहिली. आज संस्थेच्या शाळा, ज्युनिअर कॉलेज, तंत्रनिकेतन, इंजिनिअरिंग कॉलेज असा मोठा पसारा आहे. दिलीपकुमार या शाळेत शिकले. क्रिकेटपटू वसीम जाफरही इथलाच. शालेय सामन्यात त्याने नाबाद ४०० धावा काढल्या होत्या.

पाटोद्याला जवळचं उदाहरण पुण्याच्या कॅम्पातलं आझम कॅम्पस. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी ही त्यामागची संस्था १९४८ ची. तिथेही शाळेपासून पदवीपर्यंतचं शिक्षण एकाच आवारात आहे.

तयारी कशाने होते?

अशा शाळेत बहुतेक मुलं सकाळी घरून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. मधल्या सहा-सात तासांत तास होतात, प्रयोगशाळा होते, वाचनालयात बसणं होतं, मैदान होतं. कधी भाषण असतं, कधी वक्तृत्व स्पर्धा. वही तपासून परत मिळते. चुकलेलं गणित फळ्यावर सगळ्यांसमोर सोडवावं लागतं. न समजलेलं विचारायची सवय लागते.

बघायला यात विशेष काही नाही. पण कॉलेजची खरी तयारी हीच आहे. पोरगं कॉलेजात अडतं ते बऱ्याचदा मार्कांमुळे अडत नाही. स्वतः पुस्तक उघडून वाचता येत नाही, प्राध्यापकाला प्रश्न विचारायची हिंमत होत नाही, इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, म्हणून ते अडतं.

डमी प्रवेशाचा खड्डा

आता उलट बाजू बघा. आमचा एक जुना विद्यार्थी दहावीनंतर एका शहरात गेला. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये. दोन वर्षांत कॉलेजची प्रयोगशाळा त्याने आतून पाहिली नाही. नीटमध्ये जमलं नाही, बारावीचे मार्कही कमी पडले. वालिदने उसने घेतलेले पैसे मात्र फेडावेच लागले. पोरगं हुशार होतं, हे आम्हाला माहीत आहे.

याला डमी प्रवेश म्हणतात. बारावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. डमी शाळांत नाव घालणाऱ्या मुलांना परीक्षेला बसू देणार नाही, असा इशारा सीबीएसईने २०२५ मध्ये दिला. राज्य मंडळाच्या बारावी सायन्सला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा प्रत्येकी ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. जो प्रयोगशाळेत गेलाच नाही, त्याचे हे ३० गुण दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहतात.

क्लास लावूच नका, असं आम्ही म्हणत नाही. जमत असेल तर शाळेच्या जोडीला जरूर लावा. शाळा बुडवून लावू नका.

भाषेचा पूल

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावी सायन्सचे पहिले तीन महिने फार जड जातात. विषय तोच असतो, शब्द बदलतात. मराठीत 'बल', उर्दूत 'कुव्वत', वर्गात एकदम 'फोर्स'. 'त्वरण' किंवा 'इसरा' शिकलेल्या मुलासमोर 'ॲक्सिलरेशन' येतं आणि त्याला वाटतं, हे आपल्याला कधी शिकवलंच नाही. चांगली शाळा इथे मुलाचा हात धरते. घरीही उपाय आहे. निकालाची वाट बघण्याच्या सुट्टीत एक वही करा, तीन रकाने आखा आणि रोज दहा शब्द तिन्ही भाषांत लिहा.

आणखी एक गोष्ट कितीतरी वालिदैनना माहीत नसते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत आणि उर्दूतही मिळते. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठी किंवा उर्दूत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच असतं. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तर नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. म्हणून अकरावी हे आरामाचं वर्ष समजू नका.

प्रवेशाचा फॉर्म भरताना

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. नियमित फेरीत दहापर्यंत कॉलेजांची पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून 'बघू तर खरं' म्हणून लांबचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकू नका.

अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. तिथे अर्ज करायचा तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची आणि नावाची नोंद बरोबर आहे का, हे आधीच तपासा. एका अक्षराच्या चुकीपायी ऐन वेळी धावपळ होते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. चार गोष्टी विचारा. हजेरी रोज घेतात का? प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? वाचनालयातून पुस्तक घरी मिळतं का? मूल आलं नाही तर घरी फोन येतो का?

अर्धी शाळा घरी असते

अंजुमनसारख्या शाळेत मूल संध्याकाळी आपल्या घरी येतं. अम्मी विचारते, आज काय शिकवलं? पाटोद्याचं पोरगं शहरात गेलं की हे विचारणारं कोणी उरत नाही. खालाच्या घरी जागा असते, पण तिच्याही घरात माणसं असतात, कामं असतात. सोळाव्या वर्षी एकट्याने खोली करून राहणं सगळ्यांना झेपत नाही.

आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्या मुलांची ही घरची अर्धी शाळा दरवर्षी काही महिने बंद पडते. अशा घरांनी मूल सोबत नेण्याऐवजी हंगामी वसतिगृहाची सोय किंवा नात्यातलं एखादं घर जाण्याआधीच ठरवावं.

मुलींबद्दल विचाराल, तर आमचं उत्तर साफ आहे. शहरात चांगलं कॉलेज आणि राहायला खात्रीची जागा असेल, तर जरूर पाठवा. नसेल तर पाटोद्यात किंवा बीडमध्ये जिथे रोज खरोखर तास होतात तिथे घाला, आणि तिथे काय चाललंय ते दर महिन्याला जाऊन बघा. इथं ठेवल्याने तिचं नुकसान होत नाही. नाव घालून घरी बसवल्याने होतं.

१८८० मध्ये मुंबईच्या वालिदैननी भीती बाजूला ठेवून मुलांना शाळेत पाठवलं, तेव्हा ती शाळा उभी राहिली. आपल्या गावातली शाळाही तशी होऊ शकते. त्यासाठी पालक सभेच्या दिवशी वर्गातले निम्मे बाक रिकामे राहता कामा नयेत. या वर्षी सभा असेल तेव्हा अब्बा-अम्मी दोघंही या. आम्ही वाट बघतोय.